सिराक्यूजचा वेढा : एका बंदिवानाचे पत्र

इ. स. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला हस्तगत झाला, तेव्हा चिमाजी अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना पत्र लिहून त्या रणाची हकीकत कळविली. मराठी वाचकाला वेढा म्हटला की अशी पत्रे आठवतात. मोर्चे कसे लागले, सुरुंग कोठे उडाले, बुरुजाला खिंडार पडल्यावर कोण कसे तुटून पडले, हे सारे आपण बहुधा जिंकणाऱ्याच्या लेखणीतून वाचीत आलो आहोत. तटाच्या आतल्या बाजूस, भुकेने डोळे खोल गेलेल्या माणसाने लिहिलेले आणि काळाच्या पोटातून वाचून आपल्यापर्यंत पोहोचलेले पत्र जगाच्या इतिहासातही क्वचितच सापडते.

असे एक पत्र इ. स. ८७८ मध्ये सिसिली बेटावरील पालेर्मो शहराच्या तुरुंगात लिहिले गेले. लिहिणारा थिओडोसियस नावाचा ख्रिस्ती भिक्षू होता. ज्याला ते लिहिले, तो लिओ नावाचा धर्माधिकारी त्याचा स्नेही होता. पत्राचा विषय एकच, सिराक्यूज नगरीचा नऊ महिन्यांचा वेढा आणि तिचा पाडाव. मूळ ग्रीक पत्राचा काही भाग कालौघात नष्ट झाला. संपूर्ण मजकूर पुढे केलेल्या लॅटिन भाषांतरामुळे टिकला. शालेय इतिहासात या घटनेला फार तर एक ओळ मिळते, ‘अरबांनी सिसिली जिंकली’. त्या एका ओळीच्या मागे काय दडले होते, ते या पत्रावरून कळते, म्हणून त्याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

वाचकांनी युरोपचा नकाशा उघडावा. इटलीच्या बुटाच्या टोकाशी जे तिकोनी बेट दिसते ते सिसिली. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेकडे, सिराक्यूज आहे. इ. स. पूर्वी आठव्या शतकात ग्रीक वसाहतवाल्यांनी ही नगरी वसविली. तिचे मूळ ठाणे ऑर्टिजिया नावाच्या चिमुकल्या बेटावर. हे बेट त्या काळी एका अरुंद पट्टीने सिसिलीच्या भूमीला जोडलेले होते. त्याच्या एका अंगाला विस्तीर्ण मोठे बंदर, दुसऱ्या अंगाला लहान बंदर. समुद्राला अगदी लागून असूनही या बेटावर अरेथ्यूसा नावाचा गोड्या पाण्याचा झरा आहे, तो आजही वाहतो. तट, दोन बंदरे आणि गोडे पाणी, वेढा सोसण्यासाठी याहून अधिक काय हवे? अथेन्सच्या आरमाराने इ. स. पूर्व ४१५ ते ४१३ या काळात या नगरीवर चाल केली आणि त्या स्वारीत अथेन्सचाच सत्यानाश झाला. इ. स. पूर्व २१२ मध्ये रोमनांनी ती घेतली, तेव्हा आर्किमिडीज मारला गेला. स्नानाच्या टाकीतून ओरडत धावलेला म्हणून आमची मुले ज्याला ओळखतात, तोच हा.

पुढे रोमन साम्राज्याचा पूर्वेकडील अर्धा भाग टिकला. त्यालाच आपण बायझंटाइन साम्राज्य म्हणतो आणि त्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल. सातव्या शतकात या साम्राज्याच्या एका सम्राटाने, दुसऱ्या कॉन्स्टान्सने, आपला मुक्काम चक्क सिराक्यूजला हलविला होता. तेथेच इ. स. ६६८ मध्ये स्नानगृहात त्याचा खून झाला. सिराक्यूज हे साम्राज्याच्या पश्चिम टोकाचे असे नामांकित नगर होते.

आता अरब तेथे कसे आले, हे पाहिले पाहिजे, कारण या कथेचा आरंभ घरातल्या भांडणात आहे. सिसिलीतील बायझंटाइन आरमाराचा युफेमियस नावाचा अधिकारी बंड करून उठला. बंड फसू लागताच तो समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत, कैरवानच्या अग्लबी अमीराकडे मदत मागावयास गेला. अमीराने फौज दिली. तिचा सेनापती कोण, तर असद इब्न अल्-फुरात नावाचा सत्तरीकडे झुकलेला काझी! धर्मशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा पंडित सैन्याच्या अग्रभागी उभा राहतो, हे चित्र विलक्षण आहे. इ. स. ८२७ च्या जून महिन्यात सुमारे दहा हजार पायदळ आणि सातशे घोडदळ माझारा येथे किनाऱ्याला लागले आणि थेट सिराक्यूजवर चालून गेले. परंतु त्या पहिल्या वेढ्यात छावणीत रोगराई पसरली. वृद्ध असद तीतच कालवश झाला. ज्याने पाहुण्यांना बोलावले, तो युफेमियसही लवकरच बेटाच्या मध्यभागी एन्ना गडापाशी मारला गेला. पाहुणे मात्र परत गेले नाहीत.

यानंतरची पन्नास वर्षे म्हणजे एकेक गड, एकेक गाव पडण्याची कहाणी. ८३१ मध्ये पालेर्मो पडले आणि तेच अरबांची राजधानी झाले. ८५९ मध्ये एन्नाचा अभेद्य मानला गेलेला डोंगरी किल्ला पडला. एका कैद्याने आत शिरण्याची गुप्त वाट दाखविली होती. ८७० मध्ये माल्टा बेट गेले. सिराक्यूजच्या भोवतीची शेते तर जवळजवळ दरवर्षी जाळली जात. कापणीच्या हंगामात शत्रू येणार, उभे पीक नेणार, गुरे हाकून नेणार. अर्धशतक असा जाच सोसलेल्या नगरीच्या कोठारांत दाणागोटा कितीसा शिल्लक असणार? ८७७ साली खरा वेढा पडण्याच्या पुष्कळ आधीपासूनच ही नगरी आतून पोखरली जात होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे उलगडते.

८७७ च्या ऑगस्टमध्ये सिसिलीचा नवा सुभेदार जाफर इब्न मुहम्मद मोठ्या तयारीने आला. वेढ्याचा बंदोबस्त लावून तो पालेर्मोला परतला आणि पुढचे काम हाताखालच्या सरदारावर सोपविले. तटाबाहेरील वस्ती पहिल्याच सपाट्यात गेली. यावेळी अरबांपाशी प्रचंड शिळा फेकणारी यंत्रे होती आणि ती दिवसाच नव्हे, रात्रीही चालत. पूर्वीच्या वेढ्यांत रात्र झाली की तटावरच्या माणसाला पाठ टेकता येई, ती सोय आता उरली नाही. जमिनीखालून सुरुंग खोदले जात होते, तटाला शिड्या लागत होत्या. पण सर्वांत घातक गोष्ट घडली ती पाण्यावर. अरब आरमाराने दोन्ही बंदरे अडविली आणि बंदरांच्या मुखांचे रक्षण करणारे तटबंद उद्ध्वस्त केले. ज्या समुद्राच्या बळावर सिराक्यूज इतकी शतके मिरवीत होते, तोच समुद्र आता वेढ्याची चौथी भिंत झाला.

मग भूक आली. थिओडोसियसच्या पत्राचा हा भाग वाचताना अंगावर काटा येतो, आणि विशेष हे की तो येथे शोक करीत बसत नाही. तो भाव सांगतो. बाजारात जाऊन आलेला गृहस्थ घरी जसे भाव सांगतो, तसे. गव्हाच्या एका मापाला दीडशे सुवर्णनाणी. दोन औंस पावाला एक सुवर्णनाणे. घोड्याचे किंवा गाढवाचे नुसते मुंडके पंधरा ते वीस नाण्यांना. त्या काळचे बायझंटाइन सुवर्णनाणे सुमारे साडेचार ग्रॅम वजनाचे असे. आपल्या जुन्या मापात सांगावयाचे तर पाच तोळ्यांहूनही कमी भरेल एवढ्या पावासाठी तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सोने मोजावे लागे. ज्या घरात सोने होते, त्या घराची ही गत. ज्या घरात ते नव्हते, त्याचा भाव कोण सांगणार?

कोंबड्या संपल्या, पाखरे संपली. तेल, खारवलेले जिन्नस, भाजीपाला संपला. बंदरे गेल्यामुळे मासळीही गेली. तटावर आणि छपरांवर उगवणारे गवत लोकांनी उपटून खाल्ले. कातडी शिजविली. हाडे जात्यावर दळून त्यांचे पीठ केले आणि ते अरेथ्यूसाच्या पाण्यात कालविले. पाणी मात्र विपुल होते! अखेर काहींनी मेलेल्या माणसांना आणि लेकरांनाही सोडले नाही, असे थिओडोसियस लिहितो. तो हे लिहून पुढे जातो, आपणही पुढे जावे. उपासमारीच्या पाठोपाठ रोग आले. कुणाचे सर्वांग आखडे, कुणाचे अर्धे शरीर लुळे पडे. शत्रूच्या शिळांनी मेले त्याहून अधिक लोक असे अंथरुणात मेले असावेत.

एवढा काळ तटावरच्या प्रत्येक माणसाचे डोळे पूर्वेकडच्या क्षितिजाकडे लागलेले होते. सम्राटाचे आरमार येणार, ही त्यांची आशा होती आणि ती अगदी अवास्तव नव्हती. त्या वेळी कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर पहिला बेसिल होता. हा सामान्य घरात जन्मून, अश्वशाळेत चाकरी करून, शेवटी आपल्या धन्याचाच खून पाडून सम्राट झालेला कर्तबगार पुरुष. त्याने राजवाड्याच्या आवारात ‘नवे मंदिर’ या नावाचे भव्य चर्च बांधावयास घेतले होते. बायझंटाइन बखरकारच सांगतात की सिराक्यूजला भूक पोखरीत होती, त्या काळात आरमाराचे खलाशी या चर्चसाठी संगमरवर वाहून आणण्याच्या कामी जुंपलेले होते. अखेर एड्रियानोस नावाच्या दर्यासारंगाला काही गलबते देऊन पाठविण्यात आले. तो ग्रीसच्या दक्षिण टोकापाशी मोनेम्वासियाजवळच्या बंदरात येऊन थांबला. वारा प्रतिकूल आहे, असे त्याचे म्हणणे. तो वाऱ्याची वाट पाहत राहिला.

या संगमरवराच्या कथेवर कितपत भिस्त ठेवावी, असा प्रश्न अभ्यासू वाचक विचारील. बेसिलला पूर्व सरहद्दीवरही लढावे लागत होते. राज्याचे हात दोनच आणि आघाड्या अनेक, हे खरे आहे. केवळ एका चर्चच्या दगडांनी सिराक्यूज बुडविले, असे मी म्हणणार नाही. पण त्याच्याच प्रजेने ही गोष्ट जपून ठेवली, पिढ्यान्पिढ्या सांगितली, यात तिचा बोलका अर्थ आहे. लांबच्या बेटावर कुणी हाडांचे पीठ खात असता राजधानीत दगडांना झिलई चढत होती, हे त्या लोकांना विसरता आले नाही. चर्चचे लोकार्पण ८८० च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस मोठ्या थाटाने झाले. तोवर सिराक्यूज पडून दोन वर्षे होत आली होती.

वेढ्याचा शेवट असा झाला. मोठ्या बंदराच्या बाजूस, नगरीच्या उजव्या अंगाला समुद्राकाठी एक बुरूज होता. शिळांच्या अखंड माऱ्याने तो ढासळला. पाच दिवसांनी त्याला लागून असलेला तटाचा भागही कोसळला आणि मोठे खिंडार पडले. आमच्याकडे ज्याला सुलतानढवा म्हणतात, तसा हल्ला त्या खिंडारावर सुरू झाला. नगरीचा सुभेदार, ज्याला तिकडे ‘पॅट्रिशियन’ ही पदवी असे, तो उरलेल्या शिबंदीसह तेथे उभा ठाकला. भुकेने खंगलेल्या या माणसांनी ते खिंडार वीस दिवस आणि वीस रात्री अडवून धरले. थिओडोसियस सांगतो की त्या जागी नजर टाकावी तिकडे जखमांचे नाना प्रकार दिसत. बायकाही दगड, पाणी, सापडेल ते आणून देत होत्या.

ता. २१ मे ८७८. सकाळचा हल्ला ओसरला होता. थोडी उसंत मिळाली म्हणून पॅट्रिशियन दोन घास खावयास खिंडारापासून दूर गेला. जागेवर मोजकी माणसे उरली. हे शत्रूने हेरले असावे, कारण त्याच क्षणी सगळी यंत्रे एकदम धडाडली. पडक्या बुरुजावर चढण्याउतरण्यासाठी रक्षकांनी लावलेली लाकडी शिडी एका शिळेने मोडून पडली. तो आवाज ऐकून पॅट्रिशियन भरल्या ताटावरून उठून धावला, पण तो पोहोचण्यापूर्वीच अरब खिंडारात शिरले होते. वीस दिवस वीस रात्री जागलेल्यांचा घात एका जेवणाच्या वेळेने झाला. शिस्त मोडली, फितुरी झाली, असे काही येथे नाही. माणसाला भूक लागते, एवढेच.

थिओडोसियस त्या वेळी मुख्य चर्चमध्ये होता. आर्चबिशप सोफ्रोनियस यांच्यासमवेत तो प्रार्थना म्हणत होता, तोच बुरूज गेल्याची वार्ता आली. त्यांनी अंगावरची पूजावस्त्रे उतरविली आणि ते वेदीजवळ आसऱ्याला गेले. नंग्या तलवारीने शिपाई आत आले. त्यांच्या नायकाने मात्र या वृद्ध धर्मगुरूंवर हात टाकला नाही. ‘तुमचा प्रमुख कोण आणि पूजेची भांडी कोठे?’ एवढेच त्याने विचारले. ती भांडी वजनाने पाच हजार पौंड भरली, असे पत्रात आहे, आणि सगळ्या नगरीची लूट दहा लक्ष सुवर्णनाण्यांच्या मोलाची होती. रस्त्यांवर काय झाले, ते सांगण्याची गरज नाही. अरब इतिहासकार इब्न अल्-असीर मृतांचा आकडा चार हजारांच्या वर देतो.

पॅट्रिशियन सत्तर माणसांसह एका बुरुजात कोंडून राहिला. दुसऱ्या दिवशी तो पकडला गेला आणि आठव्या दिवशी त्याला देहान्त शासन झाले. ते त्याने इतक्या शांतपणे स्वीकारले की वध करविणाऱ्या सरदारालाही आश्चर्य वाटले. वेढ्याच्या काळात तटावरून प्रेषितांविषयी अपशब्द उच्चारणाऱ्या निकेतास नावाच्या योद्ध्याला मात्र हाल हाल करून मारण्यात आले. त्यानंतर तट पाडण्यात आले, घरे जाळण्यात आली, आणि कैद्यांना पालेर्मोकडे हाकण्यात आले. सहा दिवसांची ती वाटचाल ऐन उन्हाळ्याची होती.

पालेर्मोचे वर्णन करताना या बंदिवानाची लेखणी क्षणभर आपले दुःख विसरते. केवढे ते शहर, केवढी ती वर्दळ, जुन्या तटांच्या बाहेर नवी उपनगरे वसलेली, जणू पूर्वेकडून पश्चिमेपर्यंतचे सारे लोक तेथे लोटलेले! शत्रूच्या वैभवाला वैभव म्हणण्याइतका तो प्रामाणिक आहे आणि म्हणूनच त्याच्या इतर कथनावरही आपला विश्वास बसतो. अमीरासमोर जबाब झाल्यावर त्याला आणि आर्चबिशपांना चौदा पायऱ्या उतरून जावे लागणाऱ्या अंधारकोठडीत टाकण्यात आले. खिडकी नव्हती, उजेड येई तो दारातूनच. तेथे हबशी, टार्ससचे रहिवासी, यहुदी, लाँगोबार्ड असे नाना देशींचे कैदी खचाखच भरले होते. त्यांतच साखळदंडांनी जखडलेले माल्टाचे बिशपही होते. दोघा बिशपांनी एकमेकांना ओळखले, मिठी मारली आणि ते रडले.

पुढे मुसलमानांचा बलिदानाचा सण आला, तेव्हा जमावातील काहींनी आर्चबिशपांना जिवंत जाळण्याची मागणी केली. ती थांबविली त्या नगरीतल्याच एका वयोवृद्ध, प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थाने. हा प्रसंग थिओडोसियसने गाळला असता तरी त्याला दोष देणारे कुणी नव्हते. त्याने तो लिहिला. या युद्धाकडे निव्वळ दोन धर्मांचा झगडा म्हणून पाहणाऱ्यांनी हे पान अवश्य वाचावे, तसेच युफेमियसचे पानही. ज्याने दार उघडले तो एका धर्माचा आणि ज्याने आग विझविली तो दुसऱ्या धर्माचा, असे येथे झाले आहे.

आणि एड्रियानोसचे काय झाले? तो त्या बंदरात वाऱ्याची वाट पाहतच होता. बखरकार एक चमत्कारिक कथा सांगतात. जवळच हेलोस नावाच्या जागी काही धनगरांनी रात्री पिशाच्चांना आपसांत बोलताना ऐकले, की काल सिराक्यूज पडले. धनगरांनी ते दर्यासारंगाला कळविले. त्याने प्रथम विश्वास ठेवला नाही, मग स्वतः जाऊन ऐकले. काही दिवसांनी पाडावातून निसटलेली मूठभर माणसे तेथे पोहोचली आणि पिशाच्चांची वार्ता खरी ठरली. एड्रियानोस कॉन्स्टँटिनोपलला परतला आणि सम्राटाच्या धाकाने हाजिया सोफियाच्या वेदीचा आसरा घेऊन बसला. त्याला तेथून ओढून काढण्यात आले आणि हद्दपार करण्यात आले. संगमरवर वाहावयास कोणी लावले, याची चौकशी झाल्याचे कोणत्याही बखरीत नाही.

सिराक्यूजचे कैदी इ. स. ८८५ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी, कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. बेटावरील लढाई मात्र चालूच राहिली. ९०२ च्या ऑगस्टमध्ये ताओर्मिना पडले, आणि रोमेत्ता हे शेवटचे ठाणे तर ९६५ पर्यंत झुंजत राहिले. १०४० च्या सुमारास जॉर्ज मॅनियाकेस या बायझंटाइन सेनापतीने सिराक्यूज काही काळ परत घेतले. १०८६ मध्ये ते नॉर्मनांच्या हाती गेले.

ऑर्टिजियावरील मुख्य चर्च आजही उभे आहे. ते मुळात ग्रीकांनी इ. स. पूर्व पाचव्या शतकात बांधलेले अथीना देवीचे मंदिर. सातव्या शतकात बिशप झोसिमस यांनी त्याचे चर्च केले, ८७८ नंतर त्याची मशीद झाली, नॉर्मन आल्यावर पुन्हा चर्च. १६९३ च्या भूकंपात त्याचा दर्शनी भाग कोसळला, तो अठराव्या शतकात नव्याने बांधला गेला. परंतु बाजूच्या भिंतीत बुजविलेले ग्रीक मंदिराचे जाडजूड खांब अजून स्पष्ट दिसतात, आत आणि बाहेरूनही. त्या सकाळी सोफ्रोनियस आणि थिओडोसियस प्रार्थना म्हणत होते ते बहुधा याच खांबांच्या मध्ये.